पासबुक कुणाच्या ट्रंकेत?

(ज्येष्ठ महिलांच्या मेळाव्यातील भाषण)



बँकेत खातं असणं वेगळं आणि त्यातला पैसा आपल्या हातात असणं वेगळं. २०१४ साली जनधन योजना आली, २०२४ साली लाडकी बहीण आली, गावोगाव बायकांच्या नावाची खाती निघाली. चांगलंच झालं. पण साठीपुढच्या किती जणींचं पासबुक त्यांच्या स्वतःच्या ट्रंकेत आहे? हात वर करा असं म्हणत नाही, सुना शेजारीच बसल्या आहेत.

आपल्यासारख्या लहान गावात असतं काय? एखादी राष्ट्रीयीकृत बँक, जिल्हा बँकेची शाखा, पोस्ट, दोन-चार पतसंस्था आणि हल्ली किराणा दुकानात मशीन घेऊन बसलेला बँकमित्र. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला म्हातारीला तोच जवळ पडतो. अंगठा लावला की पैसे हातात. पण खात्यातून किती निघाले हे तिला कुठे दिसतं? पावती मागायचीच. ‘कागद संपलाय’ म्हणाला, तर शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यायचं. आणि अंगठा उमटत नाही ही अडचण तर आपलीच. जन्मभर खुरपून, भांडी घासून बोटांवर रेषा उरतात कुठे? म्हणून शाखेचा रस्ता मोडू देऊ नका.

शाखेपर्यंत पाय चालत नसतील तर? रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी व्यापारी बँकांना सांगितलं आहे की, सत्तरीपुढच्या आणि अपंग किंवा आजारी खातेदारांना रोकड घरी पोहोचवावी, हयातीचा दाखलाही घरीच घ्यावा. नोव्हेंबर महिन्यात बँकेच्या पायरीवर ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या की वाटतं, हा नियम काउंटरपलीकडे कधी आलाच नाही. पोस्टमनही अंगठा घेऊन डिजिटल दाखला करून देतो. तेही विचारा.

आता पेन्शन. आपल्या भागात फौजेतून, रेल्वेतून निवृत्त झालेले पुष्कळ. केंद्र सरकारच्या पेन्शनराला बायकोबरोबरच्या जोडखात्यात पेन्शन घेता येते. पेन्शनच्या आदेशात तिचं नाव असेल, तर त्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होतं, बँकेने नवीन खात्याचा आग्रह धरायचा नाही. हे नवरा हयात असतानाच करून घ्यायचं काम आहे. विषय काढला की घरात ‘मरणाची वाट बघतेस का?’ असं ऐकावं लागतं. ऐकून घ्या आणि सही घ्या.

ग्रॅच्युइटीची नाहीतर जमिनीची रक्कम एकदम हातात आली की पतसंस्थेचा माणूस दारात. दोन टक्के जास्त देतो, शिवाय संचालक ओळखीचे, नात्यातले. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीसुद्धा, ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. नात्यातला संचालक म्हणजे हमी नव्हे, उलट मागायला गेलं की तोंड दाबलं जातं. पोस्टातल्या पैशाला केंद्र सरकार जबाबदार असतं. तिथल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर १ हजारापासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं. म्हातारपणाची पुंजी मी तरी तिथेच ठेवायला सांगेन.

कुणी म्हणेल, अडाणी बायांना हे कसं जमणार? साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक बाया निरक्षर होत्या. बाया लिहायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. रोज थोडे थोडे पैसे टाकायचे म्हणणारीला इतर बँका दारात उभं करत नव्हत्या, म्हणून ती काढावी लागली.

आपल्याला लगेच बँक काढायची नाही. घरपोच सेवेचे अर्ज लिहून आणले आहेत, जाताना न्या. एकटीने देऊ नका. बाजाराच्या दिवशी दहाजणी मिळून जा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.