विवेकवर्धिनी : मराठी शाळा आणि तिचे सभागृह



हैदराबाद शहरात मराठी ग्रंथालय शंभर वर्षे टिकते, याचे श्रेय ते चालविणाऱ्या मंडळींना द्यावे तेवढे थोडे आहे. परंतु ग्रंथालयाला वाचक लागतो, आणि मराठी मुलखाच्या सीमेबाहेर तो आपोआप निपजत नाही. घरी मराठी बोलणारा मुलगा पुढे मराठी वाचणारा व्हावा, यासाठी घर आणि ग्रंथालय यांच्या मध्ये शाळा असावी लागते. या नगरीत ते काम ज्या शाळेने प्रथम मोठ्या प्रमाणावर केले, ती विवेकवर्धिनी. शतसांवत्सरिक समारंभाच्या निमित्ताने तिचे स्मरण उचितच आहे. मात्र हे स्मरण गौरवापुरते राहिले, तर या शाळेच्या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग वगळला जाईल.

शाळेची स्थापना १९०७ सालची. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक या दोन पुढाऱ्यांची नावे तिच्याशी कायमची जोडली गेली आहेत. त्यांच्याबरोबर आणखी एक नाव घेतले जाते, ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून देशभर कीर्ती पावलेले सातवळेकर त्या काळी हैदराबादेत चित्रकार म्हणून व्यवसाय करीत होते, हे आज अनेकांस ठाऊक नसते. केशवराव मूळचे परभणीकडील वसमत भागातले. गुलबर्ग्यास शिक्षण व वकिली करून ते राजधानीत आले, आणि पुढे येथील हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. ज्या वर्षी हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली, त्याच वर्षी गुलबर्ग्यास नूतन विद्यालय उभे राहिले. त्यामागेही केशवरावांची प्रेरणा होती. राजधानी तेलुगू मुलखात, गुलबर्गा कानडी मुलखात. मराठी माणसाने आपली पहिली विद्यालये मराठवाड्याबाहेर काढावीत, हे वरवर पाहता विपरीत वाटते. पण वकील, कारकून, सावकार आणि जहागिरींचे कारभारी ही संस्था उभारण्याइतकी ऐपत व उसंत असलेली मंडळी त्या काळी या शहरांतच होती.

शाळेचे मोल कळण्यासाठी त्या वेळच्या संस्थानाची भाषिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. निजामाच्या राज्यात निम्म्याच्या जवळपास प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चतुर्थांश मराठी, त्याखालोखाल कानडी. उर्दू ही मातृभाषा असणारे दहांत एक म्हणावे एवढेच. असे असता १८८० च्या दशकात फारसी मागे पडून दरबार व कचेऱ्यांची भाषा उर्दू झाली, आणि शिक्षणही त्याच वाटेने गेले. तहतानिया, वस्तानिया, फोकानिया ही शाळेच्या पायऱ्यांची नावे. जुन्या पिढीच्या तोंडी ती अगदी सहज असत. तहतानियात मुलाला आपल्या भाषेचा काही आधार मिळे. वरच्या पायऱ्यांवर मात्र इतिहास, भूगोल, गणित सारे उर्दूतून. ज्यांना हे नको असे, त्यांना मद्रासच्या परीक्षेची इंग्रजी वाट मोकळी होती. चादरघाटचे हायस्कूल आणि मद्रास विद्यापीठाशी जोडलेले निजाम कॉलेज ही त्या वाटेवरील ठाणी होत. उर्दू किंवा इंग्रजी, यांपैकी एकीची निवड करणे मुलाच्या हाती होते. मराठी हा पर्यायच नव्हता.

तेव्हा १९०७ सालची विवेकवर्धिनी सरकारच्या अर्थाने सार्वजनिक नव्हती. ती काढली लोकांनी, आणि ज्यांच्या मुलांना सरकारी शाळेत घरची भाषा पायरीवर ठेवून आत जावे लागे, त्यांच्यासाठी काढली.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने पदवीपर्यंतचे शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरविले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ देशी भाषेत आणले. इंग्रजी सत्तेच्या काळात हे मोठे धाडस होते, आणि देशभरच्या विचारवंतांनी त्याचे कौतुक केले ते काही उगाच नव्हे. तेथे मराठी विभागही होता. डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे विद्वान अध्यापक त्याला लाभले. येथील शिक्षणातून आलेली उर्दू-फारसीची जाण सेतुमाधवराव पगडींसारख्या लेखकांच्या हातून मराठीच्याच पदरात पडली. हे सारे खरे. तरीही ‘देशी भाषा’ म्हणून जी निवडली गेली, ती संस्थानातील दहांपैकी नऊ घरांत बोलली जात नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

याच सुमारास पुण्यास दुसरा प्रयोग चालला होता. १९१५ च्या डिसेंबरात सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते सुरूही केले. शिक्षण विद्यार्थिनीच्या मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, हे त्याचे धोरण. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने निघालेली ही दोन्ही विद्यापीठे ‘आपल्या भाषेतून शिक्षण’ हेच ब्रीद सांगत होती. एकीकडे ‘आपली’ म्हणजे राज्यकर्त्यांची, दुसरीकडे शिकणाऱ्याची. कर्व्यांच्या विद्यापीठाचा संबंध विवेकवर्धिनीच्या कथेत पुढे अनपेक्षित रीतीने येतो, म्हणून त्याचा उल्लेख आताच केला.

विवेकवर्धिनीला स्वतःचे थिएटर होते, आणि ते शहराचे सभागृहच होऊन बसले. संस्थानात सभाबंदीचे हुकूम कडक होत चालले होते. राजकारणाचे नाव काढणे अशक्य, म्हणून सार्वजनिक जीवन सामाजिक सुधारणेच्या नावाखाली चाले. बालविवाह, विधवांची स्थिती, अस्पृश्यता, स्त्रीशिक्षण या विषयांवर बोलण्यास मुभा होती. अशा बोलण्यातूनच माणसे एकत्र येण्यास शिकत होती. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी सुधारक मंडळी ज्या थोड्या जागी एकत्र बसत, त्यांत हे थिएटर प्रमुख होते.

१९२१ च्या नोव्हेंबरात निजाम राज्य सामाजिक परिषद याच थिएटरात भरली. अध्यक्ष होते महर्षी कर्वे, वय वर्षे त्रेसष्ट. दोन दिवस इंग्रजीतून, उर्दूतून, मराठीतून भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर रोजी, आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे तेलुगू वकील एका ठरावावर बोलण्यास उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूतून प्रारंभ केला. तेलुगू कार्यकर्त्यांनी लिहून ठेवलेल्या वृत्तान्तांनुसार, सभेतील श्रोत्यांनी, विशेषतः मराठी श्रोत्यांनी, हशा, टाळ्या आणि आरडाओरडा करून त्यांना बोलू दिले नाही.

संस्थानातील निम्म्या प्रजेची भाषा, तिच्याच मुलखातील राजधानीत, एका सुधारणावादी परिषदेत ऐकून घेतली गेली नाही. आणि हे घडले ते उर्दूच्या सक्तीला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या शाळेच्या थिएटरात. आपली भाषा डावलली जाण्याचे दुःख ज्यांनी चौदा वर्षे शाळा चालवून जगाला सांगितले, त्यांना शेजाऱ्याचे तेच दुःख समोर उभे असता ओळखता आले नाही. स्थापकांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. पण मराठी समाज त्या काळी या शहरात संख्येने लहान आणि प्रतिष्ठेने मोठा होता. वकिलीत, नोकरीत, सभासंमेलनांत पुढे होता. तेलुगू ही बाजारहाटाची, नोकरचाकरांशी बोलण्याची भाषा, असा एक समज त्याच्या मनात मुरलेला होता. त्या दिवशीचा हशा त्या समजातून आला, असे म्हणावयास हरकत नाही.

खेदाची बाब अशी की, या समाजाला तेलुगू विद्येची ओळख नव्हती असे नाही. विवेकवर्धिनीच्या आधी सहा वर्षे, १ सप्टेंबर १९०१ रोजी, सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम् हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले होते. त्याच्या प्रवर्तकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपूरला शिकलेले होते, मराठीत लेख लिहीत, आणि त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र तेलुगूत लिहिले होते. मराठीतील नव्या विद्येचा वारा तेलुगूत नेणारा माणूस या शहराच्या ग्रंथालय चळवळीत उभा होता. उलट दिशेने मात्र वर्दळ फारशी नव्हती.

त्याच रात्री काही तेलुगू मंडळी टेकुमल्ला रंगाराव यांच्या घरी जमली, आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. संघाने प्रारंभी राजकारण केले नाही. गावोगाव वाचनालये काढणे, तेलुगू शाळांना उत्तेजन देणे, जुने शिलालेख व पोथ्या गोळा करणे हे त्याचे काम. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव अशी मोठी माणसे त्यात वावरली. बुर्गुल तर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, १९५२ ते १९५६ या काळात हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री. संघाचे रूपांतर पुढे आंध्र महासभेत झाले. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठेस सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मराठवाड्याची महाराष्ट्र परिषद परतूरला पहिल्यांदा भरली ती १९३७ साली. म्हणजे भाषेच्या आधारावर प्रजेला एकत्र आणण्याचा मार्ग तेलुगू बांधवांनी आधी चोखाळला, आणि त्याला निमित्त विवेकवर्धिनीतील सभेचे झाले. तेलंगणाच्या इतिहासाची जवळजवळ प्रत्येक पुस्तिका हा प्रसंग सांगते. मराठी लेखनात त्याचा उल्लेख क्वचित सापडतो.

कथा एवढ्यावर संपली असती तर ती केवळ कटू ठरली असती. माडपाटी हनुमंतराव यांनी पुढे नारायणगुड्यात तेलुगू मुलींची शाळा चालविली. ती १९२८ साली सुरू झाली. खाजगी शाळांवर सरकारी परवानगीचे निर्बंध १९२४ च्या सुमारासच आवळले गेले होते. त्यात ही शाळा तेलुगू माध्यमाची, म्हणून उस्मानियाच्या चौकटीत तिला मान्यता मिळेना. मुलींनी शिकावे तर खरे, पण परीक्षा कोणाची द्यावी? उत्तर पुण्यात सापडले. मातृभाषेतून परीक्षा घेणारे कर्व्यांचे महिला विद्यापीठ होते, आणि शाळा त्याच्याशी जोडली गेली. ज्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी कर्वे बसले असता तेलुगू वक्त्याचे भाषण बंद पाडले गेले, त्याच कर्व्यांच्या विद्यापीठाने हैदराबादच्या तेलुगू मुलींना त्यांच्या भाषेत शिकून पुढे जाण्याची वाट दिली. हनुमंतरावांनी पूर्वीचा अपमान मनात धरून ही वाट नाकारली नाही, हे त्यांच्या कार्यनिष्ठेचे लक्षण. ते १९५१ साली हैदराबाद महानगरपालिकेचे पहिले महापौर झाले.

विवेकवर्धिनीच्या पुढील वाटचालीबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. भाषेचा प्रश्न त्या वेळेपर्यंत राजकारणात मिसळून गेला होता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा म्हैसूर राज्यात, आणि राजधानी आंध्र प्रदेशात. केशवरावांच्या दोन शाळा दोन निराळ्या राज्यांत पडल्या, आणि दोन्ही महाराष्ट्राबाहेर. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस येण्याचे प्रयोजन हळूहळू उरले नाही. जांबागेत संस्थेची महाविद्यालये उभी आहेत. तेथे शिकणाऱ्यांत मराठी मुले आता अल्पसंख्य आहेत, बहुसंख्य तेलुगू आहेत. १९२१ सालच्या त्या वक्त्याची भाषा आज त्या आवारात कोणाची परवानगी न मागता बोलली जाते. २ जून २०१४ पासून तर ती तेलंगण या नव्या राज्याची भाषा आहे.

शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाचे दप्तर नव्याने लावले जात आहे, जुने अहवाल, वर्गणीच्या वह्या, सभांच्या जाहिराती बांधून ठेवल्या जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या दप्तरात आणखी एक कागद असावा. माडपाटी हनुमंतराव यांनी तेलंगणातील आंध्र चळवळीचा इतिहास तेलुगूत दोन भागांत लिहून ठेवला आहे. त्यातील १९२१ च्या परिषदेचा भाग तरी मराठीत आणवून घ्यावा. दोन्ही भाषा जाणणारे सभासद या सभेत बसलेले आहेत, काम फार दिवसांचे नाही. आणि ते भाषांतर कपाटात ठेवावयाचे झाल्यास, विवेकवर्धिनीच्या वार्षिक अहवालांच्या शेजारी ठेवावे.