दाराबाहेर कोण राहिले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘वर्षाचे सण’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. सणांविषयी मी तुम्हांला नवे काय सांगणार? चैत्रात गुढी उतरते न उतरते तोच काळारामाच्या नवमीची लगबग सुरू होते. कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, नवरात्रात कालिकामातेची यात्रा, पौषात निवृत्तिनाथांसाठी त्र्यंबकला चाललेल्या दिंड्या, आणि फाल्गुनात रंगपंचमीला जुन्या गावातल्या रहाडी उघडल्या, की वर्ष रंगातच संपते.

हे सण तिथीने येतात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी मात्र तारखेने येतात. त्यांना आपण सुट्टी म्हणतो, सण म्हणत नाही. त्या दिवशी पुरण शिजत नाही, वाण लुटले जात नाही. मलाही ते दिवस शाळेचे आणि कचेरीचेच वाटत. घरातल्या एका प्रसंगाने माझा हा समज बदलला.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे यजमान गेले त्याला काही वर्षे झाली. तिळगुळाचा पाक त्यांच्याइतका आमच्या घरात कोणालाच साधत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लाडू त्यांनी वळले, ताटे त्यांनी लावली. पहिली सवाष्ण दारात आली आणि त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात गेल्या. जा असे त्यांना कोणी म्हटले नाही. पण या, असेही मी म्हटले नाही.

थोड्याच दिवसांनी २६ जानेवारी आली. गल्लीतल्या झेंडावंदनाला जाऊबाई अगदी पुढे उभ्या होत्या. मुलांच्या छातीवर बिल्ले लावीत होत्या, खाऊ वाटीत होत्या. माझ्या नातीने विचारले, “आजी, त्या दिवशी मोठी आजी आत का होती, आणि आज पुढे कशी?” मला उत्तर सुचले नाही.

भगिनींनो, ते उत्तर आपल्या गावातच आहे. २६ जानेवारी १९३० रोजी देशाने पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली. पुढे सव्वा महिन्याने, २ मार्चला, येथे पंचवटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे आपल्या जिल्ह्यातले कार्यकर्ते त्यात होते, स्त्रियाही होत्या. राम सर्वांचा; पण दार सर्वांना उघडे नव्हते. सत्याग्रह कित्येक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. ज्यांना त्या दाराशी अडवले, तेच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून ते संविधान अमलात आले आणि त्याच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तारखेने येणाऱ्या या सणाला सोवळे नाही. त्याच्या दाराबाहेर कोणालाही उभे करता येत नाही.

मग आपल्या घरच्या दाराचे काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. एक खेडे जे करते, ते आपल्याला अवघड का वाटावे?

वडीलधाऱ्या भगिनी म्हणतील, रूढी अशी एकदम मोडू नये. त्यांचा मान राखूनच मी म्हणते, हळदीकुंकू मोडायचे नाही, वाढवायचे आहे. माझी सूचना एवढीच, की यंदा मंडळाचा तिळगूळ समारंभ २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर व्हावा. सवाष्ण, विधवा, अविवाहित, कोणत्याही धर्माची शेजारीण, सर्वांना एकच आमंत्रण. ज्या लावून घेतील त्यांना कुंकू. फूल आणि तिळगूळ मात्र प्रत्येकीला. म्हणजे संक्रांतीला थोडी प्रजासत्ताकाची समता येईल आणि प्रजासत्ताक दिनाला घरच्या सणाची गोडी.

ही कल्पना मी जाऊबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, “नको गं, लोक काय म्हणतील?”

भगिनींनो, हे लोक म्हणजे आपणच की! तेव्हा त्यांना काय उत्तर द्यायचे, ते आज सर्वांनी मिळून ठरवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.