एका मिनिटात उद्योगाची ओळख

(लिंबागणेश, ता. जि. बीड येथे बचत गटांच्या भगिनी आणि तरुण व्यावसायिक यांच्यासमोर केलेले भाषण)



भालचंद्राच्या या क्षेत्री चंद्राची कथा आठवणे साहजिक आहे. गणरायाला पाहून तो क्षणभर हसला आणि शापाचा धनी झाला. उःशापासाठी त्याने येथेच तप केले, अशी आपली श्रद्धा. पहिल्या भेटीतला एक क्षण किती महाग पडतो, एवढे तरी व्यापाऱ्याने या कथेतून घ्यावे.

आपल्या मालात उणे नाही. २०१६ साली 'बीड सीताफळ' या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि हंगाम भरात असतानाच ऊसतोडीच्या गाड्या गावात येऊन उभ्या राहतात. पुण्याचा व्यापारी फोनवर एक मिनिट देतो. त्यात व्यवहाराचे बीज पडले नाही, तर फळ मातीमोल जाते आणि घराला सहा महिने कुलूप लागते.

त्या मिनिटात आपण काय सांगतो? गट कधी स्थापन झाला, कर्ज कसे मिळाले, कष्ट किती पडले. हे सारे खरे असते. पण ऐकणारा स्वतःची अडचण घेऊन बसलेला असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर घडविला, तेव्हा शेतकऱ्यांना भय होते की लोखंडाने जमीन विषारी होईल. अशा माणसापुढे कारखान्याचे गुणगान करून काय उपयोग? आधी त्याच्या शंकेला हात घातला पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या स्वभावातली. 'आपले गुण आपणच काय सांगायचे?' हा संस्कार घरात शोभतो, बाजारात नडतो. माधवराव भिडे यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब सुरू केला, त्यामागे हाच संकोच मोडण्याची तळमळ होती. माहिती देणे म्हणजे बढाई नव्हे.

आता नमुना ऐका. समजा, समोर आइस्क्रीमचा कारखानदार आहे.

"नमस्कार, मी लिंबागणेशहून बोलते. आपल्याला सीताफळाचा गर वर्षभर लागतो, फळ मात्र दोनच महिने मिळते. आमच्या गटाच्या दहा जणी बिया काढून गर गोठवून ठेवतात. उद्या एक किलो नमुना पाठवू का?"

घड्याळ लावून पाहा, अर्धे मिनिटही लागत नाही. यात 'उत्कृष्ट', 'दर्जेदार' हे शब्द नाहीत. ते काम नमुना करील. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर तोडायला लावला. पाळणा जागीच थांबला. पुढे लिफ्ट विकताना त्याला विशेषणे लागली नसतील! यात भावही सांगितलेला नाही. तो समोरच्याने विचारला, की समजावे, बोलणे पुढे सरकले. मात्र तेव्हा आकडा तोंडपाठ हवा. 'विचारून सांगते' म्हटले की फोन ठेवला जातो. आणि शेवटी प्रश्न हवाच, ज्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता येईल असा.

हॉटेलवाल्याशी बोलताना दुसरे वाक्य बदलेल, मंगल कार्यालयाशी बोलताना आणखी निराळे होईल. म्हणून पाठ करू नका, घरी मोठ्याने बोलून पाहा. लेकरांना समजले, तर व्यापाऱ्यालाही समजेल.

माझे बोलणे एका मिनिटाच्या फार पुढे गेले आहे. समोर घड्याळ आहे. पहिल्या रांगेतल्या ताईंपासून सुरुवात करू या.