तांबड्या मातीचे बेट



कामगारांत वावरणारी आम्ही माणसे माकडांविषयी काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण पनामातील बारो कोलोरादो हे बेट आम्ही पाहून आलो, आणि ते मुळात कामगारांच्या हातचे आहे.

नावाचा अर्थ तांबडी माती. पूर्वी हा साधा डोंगर होता. कालव्यासाठी चाग्रेस नदीला गातूनपाशी धरण घातले, पाणी चढले, आणि १९१४ साली कालवा खुला झाला तोवर डोंगरमाथ्याचे बेट बनले होते. क्षेत्र सुमारे १,५०० हेक्टर. १९२३ साली ते राखीव झाले. १९४६ पासून स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. मोजकीच माणसे नेतात, तीही वाटाड्याबरोबर.

उतरताच रानातून गर्जना झाली. वाघ असावा असे वाटले. पण निघाली हाउलर माकडे! देह कुत्र्याएवढा, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. वाटेवर पानांचे तुकडे डोक्यावर धरून मुंग्यांची रांग चाललेली. ती पाने त्या खात नाहीत. वारुळात त्यांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात. अगूती हा सशाएवढा प्राणी बिया पुरून ठेवतो; विसरलेल्या बियांची झाडे होतात.

पण रान तुटले की काय होते, तेही येथेच कळते. पूर्वीचे कितीतरी पक्षी बेटावरून नाहीसे झाले. दाट सावलीतल्या काही जातींचे पक्षी शास्त्रज्ञांनी तलावात बोटीतून सोडून पाहिले. त्यांना १०० मीटर पाणीही ओलांडता येईना. पंख असून अडकलेले! मग गेलेल्यांची जागा भरायला नवे येणार कोठून?

बेटावरच्या ५० हेक्टर रानात बोटाएवढ्या जाडीच्या रोपापासून प्रत्येक झाडाला क्रमांकाची पट्टी आहे. दोन लाखांहून अधिक झाडे. ठराविक वर्षांनी पुन्हा मोजतात, मेलेल्यांची नोंद ठेवतात. फार चांगले काम. कालव्यावरच्या मजुरांनाही पितळी बिल्ल्यावर क्रमांक असे. गोऱ्यांना पगार सोन्यात, बार्बाडोसहून आणलेल्या काळ्यांना चांदीत. दुकाने वेगळी, चाळी वेगळ्या. अमेरिकन अमदानीत, १९०४ ते १९१४ या काळात, रोगाने आणि अपघाताने ५,६०९ माणसे मेल्याची नोंद आहे. बहुतेक चांदीवालीच.

रेल्वेकाठची वस्तीही धरणाने हलवली. बोहिओ गाव कोणीकडे, असे आम्ही वाटाड्याला विचारले. त्याने पाण्याकडे हात केला आणि लगेच झाडावरचा टूकन दाखवला.