डेल्फ्टची अक्षरे आणि डेल्फ्टची माती

जुनी युरोपीय बशी हाती आली की आपण आधी ती उलटी करतो. तळाला अक्षरे दिसली की तिचे वय आणि गाव दोन्ही कळले असे वाटते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या बाबतीत मात्र त्या अक्षरांवर सर्वांत शेवटी विसंबावे, असे माझे मत आहे. एकमेकांत गुंतवलेली ‘एके’ ही अक्षरेच घ्या. ती आद्रियानुस कॉक्सची. १६८६ पासून ‘ग्रीक ए’ हा कारखाना त्याच्याकडे होता आणि इंग्लंडची राणी दुसरी मेरी त्याची गिऱ्हाईक होती. अशा नावाला भाव येणारच! एकोणिसाव्या शतकातल्या नकला करणाऱ्यांनी म्हणूनच ती अक्षरे सर्रास काढली. कुंचल्याचे चार फटकारे मारायला कितीसा वेळ लागतो?

मातीची नक्कल इतकी सोपी नाही. चिनी भांडे आतबाहेर पांढरे असते. डेल्फ्टच्या कुंभारांना ते साधत नव्हते, म्हणून पिवळसर, मऊ, पाणी शोषणाऱ्या मातीवर ते कथिल घातलेली अपारदर्शक पांढरी झिलई चढवत. त्यामुळे जुन्या बशीच्या कडेचा टवका उडाला की पांढऱ्याखालून पिवळी माती डोकावते. १८७६ मध्ये योस्ट टोफ्ट यांनी एक जुना कारखाना विकत घेऊन ही कला पुन्हा उभी केली, पण कठीण पांढऱ्या मातीवर, पारदर्शक झिलईखाली. त्या बशीचा टवका आतूनही पांढराच.

कोणी म्हणेल, पिवळ्या मातीवर कथिलाची झिलई पुढेही चढवली जात होतीच की. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच एका खुणेवर थांबता येत नाही. भट्टीत जुन्या बश्या तीन खुंट्यांवर टेकवत. त्यांचे तीन खडबडीत व्रण कडेच्या मागच्या बाजूला बोटाला लागतात. तळाची झीजही पाहावी: टेकण्याच्या जागीच माती उघडी पडली असेल तर ती वापराची, सगळीकडे सारखी असेल तर शंका घ्यावी.

मग अक्षरे निरुपयोगी का? मुळीच नाही. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे झाले, तेव्हा तळावर इंग्रजीत ‘हॉलंड’ असेल तर ती बशी बहुधा त्यानंतरची. पण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक बश्यांवर कसलीच अक्षरे नाहीत. नाव नाही म्हणून त्या बाजूला सारल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.