टायर, हेल्मेट आणि आपण गृहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण माझे सातवीपर्यंत. गेल्या वर्षी याच जागेवरून एका भगिनीने उन्हाळी वाळवणांची किती छान माहिती सांगितली होती! म्हणून यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा त्यांना वाटले असेल की ही फार तर मसाल्यांवर बोलेल. मी म्हटले, "मोबाईलवरून मोटारसायकलचे टायर आणि हेल्मेट कसे मागवावे, यावर मी बोलते." त्या हसल्या. म्हणाल्या, "अवो, तो तर पोरांचा विषय!" दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते.

माझा थोरला मुलगा बुटीबोरीला नोकरीला आहे. प्रताप नगरातून निघून वर्धा रोडने रोज जाणे-येणे. त्याने जुनी मोटारसायकल घेतली. दसऱ्याच्या आधी मोबाईलवर मोठा सेल लागला होता. माझ्याजवळ मसाल्याचे थोडे पैसे साठले होते. मनात आले, पोराला हेल्मेट आपल्या पैशाने घ्यावे. चित्राखाली मूळ किंमत १,९९९ रुपये लिहून त्यावर काट मारलेली, आणि खाली ४४९. दोन हजारांची वस्तू साडेचारशेत मिळते म्हटल्यावर मी दुसरे काही वाचलेच नाही. उरलेल्या पैशांत एक साडी घेतली, तीही सांगून टाकते.

चार दिवसांनी खोके आले. काळेभोर, चकचकीत हेल्मेट. आमच्या सासूबाईंनी ते हातात घेऊन बोटाने टकटक वाजवले आणि म्हणाल्या, "हे तर टमरेलासारखं वाजते वो." आम्ही सगळे हसलो. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण भांडे वाजवून घेण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्या दिवशी घरात खरी पारख त्यांनीच केली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पुढच्या आषाढात, पाऊस नुकता थांबलेला असताना, कामावरून परत येताना त्याची गाडी घसरली. वेग फार नव्हता. पण पडताक्षणी पट्ट्याची कडी सुटली, हेल्मेट एकीकडे गेले आणि हा दुसरीकडे. कपाळावर पाच टाके पडले. देवाच्या दयेने तेवढ्यावर निभावले. रात्री तो झोपल्यावर मी ते हेल्मेट स्वयंपाकघरात आणून दिव्याखाली पाहिले. नारळाच्या करवंटीसारखा तडा गेला होता. आतले कापड ओढले, तर खाली नुसता बोटभर स्पंज. उशीत असतो तसा. मागे आय.एस.आय.चा एक कागदी तुकडा चिकटवलेला होता. तो नखाने निघून आला. त्यावर एकही आकडा नव्हता.

भगिनींनो, याच बाईने, म्हणजे मी, आय.एस.आय.चा शिक्का दिसला नाही म्हणून एका दुकानदाराचा कुकर त्याच्याच काउंटरवर परत ठेवला होता. डाळ शिजवण्याच्या भांड्याला मी शिक्का पाहिला आणि पोराच्या डोक्याला पाहिला नाही. सकाळी तो मलाच समजावत होता, "आई, तुझी काय चूक? सगळेच असे घेतात." मी काही बोलले नाही.

त्या विक्रेत्याची मी तक्रारही केली नाही. त्या दिवसांत टाक्यांपुढे दुसरे काही सुचत नव्हते. ते माझे चुकलेच. कारण तेच हेल्मेट दुसऱ्या कोण्या आईनेही मागवले असेल.

नंतर मात्र मी या गोष्टीच्या मागे लागले. धाकटी वाचून दाखवायची आणि मी वहीत लिहून ठेवायची. कळले ते असे. १ जून २०२१ पासून आपल्या देशात आय.एस.आय. चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवता येत नाही आणि विकताही येत नाही. तरी ते विकले जात होते. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने लोकांना सावध करणारी सूचना काढली, आणि तीत हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅसचे सिलिंडर या तिन्ही वस्तूंची नावे एकत्र घातली. ते ऐकून मला फार बरे वाटले. सरकारच्याही लेखी हेल्मेट आपल्या चुलीशेजारीच आहे, मग तो पोरांचा विषय कसा?

आता शिक्का कसा पाहावा ते सांगते. खऱ्या चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक असतो. हेल्मेटसाठी तो आय.एस. ४१५१. चिन्हाच्या खाली सी.एम./एल. ही इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्यापुढे परवान्याचा आकडा. हा आकडा कारखान्यागणिक वेगळा असतो. मानक ब्युरोचे 'बी.आय.एस. केअर' नावाचे ॲप मोबाईलवर फुकट मिळते. त्यात तो आकडा घातला की परवाना कोणाचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे की संपला, हे दिसते. आकडाच नसेल तर तो शिक्का नव्हे, नुसते चित्र.

मग सासूबाईंची परीक्षा. हेल्मेट आतून दाबून पाहा. गादीच्या कापडाखाली टणक, जाड थर्मोकोल लागला पाहिजे. डोके वाचवतो तो हाच. बाहेरचे कवच मार पसरवते, आतला थर्मोकोल स्वतः चेपून तो मार गिळतो. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर्मोकोल एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. हेल्मेट पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये, कवच कमजोर होते. माप डोक्याच्या घेराने घ्यावे, भुवयांच्या वरून शिंप्याची टेप फिरवून. घालून पट्टा लावला आणि मान हलवली, तर हेल्मेट मानेबरोबर फिरले पाहिजे. मान फिरते आणि हेल्मेट जागच्या जागी राहते, असे झाले तर ते मोठे आहे. माझ्या मते पहिले हेल्मेट दुकानात जाऊन डोक्यावर घालूनच घ्यावे. आपले माप आणि कंपनी एकदा ठरली की पुढचे मोबाईलवरून मागवायला हरकत नाही.

आता टायरचे. अपघातानंतर गाडी मिस्त्रीकडे नेली, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, मागचा टायर पूर्ण गुळगुळीत झाला. ओल्या रोडवर घसरणारच." दुसऱ्याच दिवशी यांनी मोबाईलवर गाडीचे नाव घालून टायर मागवला. मी म्हटले, "अहो, आकडे पाहिले का?" हे म्हणाले, "गाडीचं नाव घातलं ना, मग तोच येईल." तीन दिवसांनी टायर आला. दारातच मी तो जुन्या टायरशेजारी उभा केला. जुन्यावर ८०/१००-१८ आणि नव्यावर ८०/१००-१७! चित्राखाली मात्र अठराच लिहिलेले. या आकड्यांचा अर्थ मी मिस्त्रीला विचारून घेतला. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या मानाने उंची शेकडा किती. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. सतराचा टायर अठराच्या रिमवर चढत नाही. ओळखीच्या झाकणाचा डबा आणि अनोळखी डब्याचे झाकण, तसाच प्रकार.

टायरवर आणखीही वाचण्यासारखे पुष्कळ असते. त्याच्याही अंगावर आय.एस.आय. असते, दुचाकीच्या टायरचा मानक क्रमांक आय.एस. १५६२७. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ती त्याची जन्मतारीख. ३२२४ असेल तर तो २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. आपण पिठाच्या पुडीवरची तारीख पाहतो तशी ही पाहावी. रबर नुसते पडूनही म्हातारे होते. ट्यूबलेस टायर की ट्यूबचा, तेही आधी ठरवावे. तारांच्या चाकाला बहुधा ट्यूबच लागते. बाजूला बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे, नाहीतर बसवणारा घाईत उलटा बसवून देतो.

तर आमचा सतराचा टायर. विक्रेत्याने कळवले की मोठी वस्तू असल्यामुळे परत घेता येणार नाही. हे म्हणाले, "जाऊ दे, कोणाला तरी विकून टाकू." मी म्हटले, "का म्हणून?" २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांत साफ लिहिले आहे, की सदोष, नकली किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असेही त्यात आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला. तिथे मराठीतून बोलता येते. पलीकडची मुलगी मला "ताई" म्हणत होती. दोन्ही टायर शेजारी ठेवून काढलेला फोटो आम्ही पाठवला. खोक्यावरची चिठ्ठी मी या वेळी जपून ठेवली होती. एकोणिसाव्या दिवशी माणूस येऊन टायर घेऊन गेला आणि पैसे जमा झाले. तेवढ्यावरही निपटले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही.

एक धोका मात्र इथेच आहे. कंपनीचा फोन नंबर मोबाईलवर शोधू नये. तिथे चोरांनी आपले नंबर लावून ठेवलेले असतात; पैसे परत देतो म्हणून ओटीपी मागतात आणि खाते धुऊन नेतात. नंबर ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच्याच आतला घ्यावा. फसगत झालीच तर लाजेने लपवून न ठेवता लगेच १९३० वर कळवावे.

शेवटी टायर आम्ही रिंग रोडवरच्या दुकानातून घेतला. दीडशे रुपये जास्त पडले, पण बसवणे त्यातच आले. मोबाईलवरून मागवलेला टायर बसवायला दुकानदार वेगळे पैसे घेतो आणि तोंड वाकडे करतो ते निराळेच! गंमत अशी की दुचाकीच्या टायरचा सिएटचा मोठा कारखाना आपल्या बुटीबोरीलाच आहे, २०१६ पासून. आमचा मुलगा रोज तिकडेच जातो, आणि आम्ही टायर मोबाईलमध्ये शोधत होतो.

मोबाईलवरची खरेदीच वाईट, असे मला म्हणायचे नाही. जुन्या गाडीचा एखादा भाग शहरात चार दुकाने हिंडून मिळत नाही, तो तिथे मिळतो. पण जुन्या भागावरचा क्रमांक पाहूनच मागवावा, आणि गाडीचे सालही पाहावे. एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या गाड्या आल्या; नाव तेच राहिले, पण आतले कित्येक भाग बदलले. ब्रेकच्या सामानात तर पैसे वाचवायला जाऊच नये. मुलाला मित्रांबरोबर चिखलदऱ्याला जाण्यासाठी जॅकेट हवे होते. त्याचे कोपर-खांद्यांचे पॅड काढून पाहिले, त्यांवर ईएन १६२१-१ असे छापलेले होते. ती युरोपातली मारापासून संरक्षणाची चाचणी. नुसता फोम असता तर ते जॅकेट फक्त फोटोपुरतेच.

आता थोडे आपल्याविषयी. गाडीवर मागे बसणाऱ्या आपणच ना? २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आहे, मागे बसणाऱ्यालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: त्याला पट्ट्याने बांधायचे, त्याच्या मापाचे हेल्मेट घालायचे आणि गाडी ४० च्या वर न्यायची नाही. मला ठाऊक आहे, तुम्ही काय म्हणणार ते. अंबाडा बसत नाही, गजरा चुरगळतो, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात डोक्यावर तो घडा! मलाही नको वाटते. मी खालून पातळ सुती ओढणी बांधते, अंबाड्याऐवजी सैल वेणी घालते, आणि घामाघूम होते. त्रिमूर्ती नगरात भाजीला जाताना पहिले काही दिवस ओळखीच्या बायका हसल्या. आता त्यांतल्या दोघी मला दुकान विचारून गेल्या आहेत.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी धाकटीला घेऊन मंडळात बसणार आहे. घरातली हेल्मेटे घेऊन या. त्यांचे आकडे आपण ॲपमध्ये घालून पाहू. कोणाची तक्रार करायची राहिली असेल तर बिलही आणा.

मुलाचे ते फुटके हेल्मेट मी पिशवीतून आणले आहे, आणि त्याचे नवेही. दोन्ही या टेबलावर ठेवते. चहा होईपर्यंत सर्वजणींनी ती हातात घ्यावीत, आतून दाबून पाहावीत. सासूबाई समोरच बसल्या आहेत. वाजवून कसे पाहायचे ते त्या दाखवतील.