औषध हवे, संवादही हवा
(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



मनोविकारावर औषध घेणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, ही समजूत आपण प्रथम सोडली पाहिजे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावरील औषध म्हणून सर्पगंधेचा उपयोग वैद्यकीय जगापुढे मांडला. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षे कोंडलेले असंख्य रुग्ण घरी परतले. औषधांचे हे ऋण मान्यच केले पाहिजे.

परंतु अमेरिकेत पुढे काय घडले? १९८७ मध्ये प्रोझॅकला मान्यता मिळाली. विमा कंपन्यांना दीर्घ संभाषणापेक्षा दहापंधरा मिनिटांची भेट स्वस्त वाटली. गोळीची चिठ्ठी राहिली. रुग्णाचे ऐकणे मागे पडले.

आपल्या देशात याहून वेगळा प्रयोग झाला आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातलगांना रुग्णासह आवारातील तंबूंत राहावयास बोलावले. उपचार चालूच होते. सोबत आप्तांना आजार समजावून सांगितला जाई, शुश्रूषा शिकविली जाई. ज्यांना घरच्यांनी टाकले असते, त्यांना घराची वाट मोकळी झाली.

आज आपल्याकडेही दवाखान्यात गर्दी असते आणि डॉक्टरांपाशी वेळ थोडा. म्हणून एवढेच सांगतो : डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नका, गरज असेल तेथे समुपदेशकाकडे जाण्यास लाजू नका. आणि गोळी दिली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानू नका. रोज थोडा वेळ त्या माणसाजवळ बसा. उपदेश न करता त्याचे ऐका.